मुलाच्या ताब्याचा आदेश बदलून घेताना

परस्पर संमतीने घटस्फोट झाला, कागदावर सह्या झाल्या, म्हणजे मुलाच्या ताब्याचा प्रश्न कायमचा मिटला, असे आमच्या खानदेशात बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात मूल वाढत असते, आईवडिलांच्या नोकऱ्या बदलत असतात, गावे बदलतात, आणि पाच वर्षांपूर्वीच्या परिस्थितीवर बेतलेला आदेश हळूहळू कोणालाच पुरेनासा होतो. नंदुरबारहून सुरतेला नोकरीसाठी जाताना मला हा अनुभव आला. माझ्यासारख्या अनेक बायकांना याच वळणावर ‘गुपचूप मुलाला घेऊन निघून जा, कोण विचारायला येते’ असा सल्ला घरचेच देतात, म्हणून मी हे सविस्तर लिहीत आहे. मुलाच्या भल्यासाठी नावे मात्र गाळली आहेत.

आमचा घटस्फोट 2019 मध्ये हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब खाली नंदुरबारच्या न्यायालयात झाला. मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. सहमतीच्या अटींप्रमाणे ताबा माझ्याकडे आला, वडिलांनी दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी त्याला भेटायचे ठरले, आणि दिवाळी व उन्हाळ्याच्या सुट्ट्या निम्म्या निम्म्या वाटून घ्यायच्या होत्या. त्याच्या वडिलांची शेती शहादा तालुक्यात आहे, माझे माहेर नंदुरबारला आहे, त्यामुळे ही व्यवस्था चालण्यासारखी होती आणि चाललीही. अटींमध्ये आणखी एक वाक्य होते, ज्याकडे सही करताना कोणीच फारसे लक्ष दिले नव्हते: न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) मुलास कायम वास्तव्यासाठी जिल्ह्याबाहेर नेले जाणार नाही.

मी परिचारिका आहे. 2023 मध्ये मला सुरतेच्या एका रुग्णालयात नोकरी मिळाली. पगार नंदुरबारच्या मानाने बराच अधिक होता, आणि माझा भाऊ अनेक वर्षांपासून दिंडोली भागात राहत असल्याने घराचाही प्रश्न नव्हता. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते की, उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत फिरताना माणसाला आपण दोंडाईच्यात आहोत की गुजरातमध्ये, असा प्रश्न पडावा इतकी खानदेशी वस्ती आहे; भाजीवालीसुद्धा अहिराणीत बोलते. साहजिकच नातेवाइकांना सुरत हे परराज्य वाटतच नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र ते परराज्य आहे. तिथले उच्च न्यायालय वेगळे आहे, आणि शाळांचे वेळापत्रकही वेगळे आहे.

मी आधी आमच्या वकीलताईंकडे गेले. त्यांनी हुकूमनाम्याची, म्हणजे घटस्फोटाच्या अंतिम आदेशाची, नक्कल पुढे ओढली, ते एक वाक्य पेन्सिलीने अधोरेखित केले आणि म्हणाल्या, “ताई, परवानगी मागून गेलात तर तुम्ही आई आहात. न मागता गेलात तर आदेश मोडणारी बाई आहात. मुलगा तोच आणि नोकरी तीच राहील, पण न्यायालयात तुमच्याकडे पाहण्याची नजर बदललेली असेल.” हे वाक्य मी पुढच्या प्रत्येक तारखेला मनात ठेवले.

त्यांनी मला जे समजावले ते थोडक्यात असे. हिंदू विवाह कायद्याचे कलम 26 न्यायालयाला मुलांचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण यांविषयी हुकूमनाम्यानंतरही वेळोवेळी आदेश देण्याचा, आणि आधी दिलेले आदेश बदलण्याचा, स्थगित करण्याचा किंवा रद्द करण्याचा अधिकार देते. सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्ये रोझी जेकब यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे की, ताब्याचे आदेश स्वभावतःच तात्पुरते असतात, आणि संमतीने झालेले आदेशसुद्धा मुलाच्या हितासाठी बदलता येतात. 2010 च्या विक्रम वीर वोहरा विरुद्ध शालिनी भल्ला या प्रकरणात तर परिस्थिती माझ्यासारखीच होती: परस्पर संमतीने घटस्फोट झालेला, अटी ठरलेल्या, आणि आईला नोकरीसाठी मुलाला घेऊन ऑस्ट्रेलियाला जायचे होते. सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने झालेला बदल कायम ठेवला. ऑस्ट्रेलियाला जाता येते तर सुरतेला का नाही, असा प्रश्न माझ्या भावाने केला, पण वकीलताईंनी त्याला लगेच थांबवले. प्रत्येक प्रकरणात त्या त्या मुलाचे हित नव्याने पाहिले जाते, दुसऱ्याच्या निकालावर आपले प्रकरण आपोआप जिंकता येत नाही, हे त्यांनी बजावले.

अर्ज कुठे करायचा, हा प्रश्न दोन राज्ये आली की फार महत्त्वाचा होतो. कलम 26 चा अर्ज ज्या न्यायालयाने हुकूमनामा दिला तिथे जातो. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली अर्ज करायचा असेल तर त्या कायद्याचे कलम 9 पाहावे लागते, आणि त्याप्रमाणे मूल सर्वसाधारणपणे जिथे राहते तिथल्या न्यायालयाला अधिकार असतो. न्यायालयाच्या व्हरांड्यात तळोद्याकडचे एक गृहस्थ मला नेहमी भेटत. त्यांची पत्नी मुलीला घेऊन इंदूरला गेली होती, आणि मुलगी नेमकी कुठली रहिवासी समजायची, या एकाच मुद्द्यावर त्यांच्या तारखा चालल्या होत्या. मुलीच्या भेटीचा विषय तर अजून निघालाच नव्हता. त्यांच्याकडे पाहून मला पटले की, मूल अजून नंदुरबारला असताना आणि हुकूमनामा नंदुरबारचाच असताना अर्ज करणे हेच शहाणपणाचे आहे.

अर्जासोबत हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल, माझे नियुक्तिपत्र, भावाच्या घराचे वीजबिल आणि त्याचे संमतीचे शपथपत्र, सुरतेच्या शाळेने प्रवेश देण्याची तयारी दाखवल्याचे पत्र, मुलाची प्रगतिपुस्तके आणि आतापर्यंतच्या भेटी सुरळीत झाल्याची नोंद जोडली. ही नोंद मी पहिल्यापासून एका वहीत ठेवत आले होते. तारीख, मुलगा किती वाजता गेला, किती वाजता परत आला आणि भेट चुकली असल्यास कारण काय, एवढेच त्यात असे. कोणाविषयी तक्रारीचा शब्द नव्हता. त्या वहीचा उपयोग पुढे इतर कुठल्याही कागदापेक्षा जास्त झाला. ज्या महिलांना वकिलाची फी परवडत नाही, त्यांना विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि त्याचे कार्यालय जिल्हा न्यायालयातच असते, हेही येथे नोंदवून ठेवते.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाचे होते ते अर्जाचे शेवटचे पान. मला वाटले होते की अर्ज म्हणजे ‘मला मुलाला घेऊन जाण्याची परवानगी मिळावी’ एवढी विनंती. वकीलताईंनी ते लिहायलाच नकार दिला. “तुम्ही गेल्यावर बाप आणि मुलगा कसे भेटणार, हे तुम्हीच आधी लिहून द्या,” असे त्या म्हणाल्या. मग आम्ही बसून सगळी व्यवस्था लिहून काढली: दर महिन्याला एक शनिवार-रविवार मुलगा कुठे असेल, त्याला कोण पोहोचवेल, कोणत्या स्थानकावर, भाडे कोणाचे, रोज फोन किती वाजता. दोन राज्यांतल्या आईवडिलांच्या प्रकरणात न्यायालयापुढचा खरा प्रश्न तुटणारी भेट कशी सांधायची हा असतो, आणि त्याचे उत्तर अर्जदाराने स्वतः घेऊन जावे, हे माझे आता ठाम मत झाले आहे. दुसऱ्या बाजूचे दोष सांगणारे अर्ज मी व्हरांड्यात पुष्कळ ऐकले, पण त्यांतल्या बहुतेकांत मूल कोणत्या गाडीने जाणार हे कुठेच लिहिलेले नसे.

नोटीस शहाद्याला गेली. दरम्यान नोकरीवर हजर राहण्याची मुदत संपत आल्याने मी सुरतेला रुजू झाले आणि मुलाला परवानगी मिळेपर्यंत आईकडे नंदुरबारलाच ठेवले. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी मी गाडी पकडायची आणि सुट्टी संपवून परत जायची. आदेश पाळायचा तर दुसरा मार्ग नव्हता. पण हेच माझ्याविरुद्ध वापरले गेले. वडिलांच्या बाजूने जे म्हणणे दाखल झाले, त्यात लिहिले होते की आई मुलाला सोडून परराज्यात राहते, मुलगा आजीच्या भरवशावर आहे, तो आता पाच वर्षांपेक्षा मोठा आहे, आणि म्हणून ताबा वडिलांकडे द्यावा. पाच वर्षांचा उल्लेख हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, 1956 च्या कलम 6 मधून आलेला होता. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा, असे ते कलम म्हणते. ते वाचून मी रात्रभर झोपले नाही. आदेश मोडू नये म्हणून जे सोसले, तेच माझा गुन्हा म्हणून कागदावर आले होते, आणि त्याचे दुःख मला आजही होते.

वकीलताईंनी प्रत्युत्तर शांतपणे तयार केले. त्याच कायद्याचे कलम 13 मुलाचे हित सर्वोच्च मानते, आणि पाच वर्षांनंतर ताबा आपोआप वडिलांकडे जातो असे कायदा कुठेच म्हणत नाही. माझ्या कामाच्या पाळ्यांचा तक्ता, शाळेच्या डायरीतल्या माझ्या सह्या, पालकसभेची नोंद आणि रेल्वेची तिकिटे जोडून त्यांनी दाखवून दिले की मी दूर राहूनही मुलाचे काहीच सोडलेले नाही, आणि दूर राहण्याचे कारण केवळ न्यायालयाच्या आदेशाचा मान हेच आहे.

त्यानंतर प्रकरण मध्यस्थीला गेले. तिथे मला त्याच्या वडिलांची खरी भीती पहिल्यांदा समजली. त्यांना पोटगी कमी करून हवी होती, तो मुद्दा थोडक्यात मिटला. पण त्यांना वाटत होते की एकदा मुलगा गुजरातमध्ये गेला की पुढच्या प्रत्येक वादासाठी त्यांना सुरतेच्या न्यायालयात हेलपाटे घालावे लागतील, आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात दावा वर्ग करून घ्यायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 25 खाली थेट दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात जावे लागेल. केळीचा घड उतरवायच्या दिवसांत शेतकऱ्याने दिल्लीला कसे जावे, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. मी त्यांची बाजू मनापासून समजून घेतली, आणि बोलणे तिथून पुढे सरकले.

मध्यस्थ बाईंनी टेबलावर दोन दिनदर्शिका शेजारी शेजारी ठेवल्या. एक आपली भिंतीवरची मराठी दिनदर्शिका होती, दुसरे सुरतेच्या शाळेचे वार्षिक वेळापत्रक. जुन्या आदेशात ‘दिवाळीची सुट्टी निम्मी निम्मी’ असे लिहिले होते, पण कोणत्या राज्याची दिवाळीची सुट्टी? गुजरातमध्ये ती साधारण तीन आठवड्यांची असते, आणि तिच्या तारखा आपल्या तारखांशी जुळतीलच असे नाही. उन्हाळ्यानंतर तिथल्या शाळा आपल्याकडच्या आधी उघडतात, त्यामुळे ‘15 जूनपर्यंत वडिलांकडे’ असे लिहिले असते तर मुलाची शाळा दरवर्षी बुडाली असती. म्हणून तारखा न लिहिता ‘मूल ज्या शाळेत शिकत असेल त्या शाळेने जाहीर केलेली सुट्टी’ असा शब्दप्रयोग ठरला, आणि शाळेचे वेळापत्रक हाती आल्यापासून आठ दिवसांत मी ते वडिलांना पाठवायचे, असेही लिहिले गेले.

मग सणांचा विषय निघाला. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमची खानदेशची देवी कानबाई घरोघरी बसते, तेव्हा सगळे भाऊबंद एकत्र येतात आणि रोटाचा प्रसाद भाऊबंदांतच खातात. त्या दिवशी घरचा मुलगा घरात नसणे आमच्याकडे कोणालाच रुचत नाही. तो रविवार असल्याने अडचण नव्हती. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, कधी सुट्टीत येते, कधी येत नाही. आजीने, म्हणजे त्याच्या वडिलांच्या आईने, फोनवर त्याला “कव्हय येशी रे भाऊ?” (कधी येशील रे?) असे विचारले की ती आखाजीविषयीच विचारत असते, हे मला माहीत होते. एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे असे आखाजीचे ठरले. वकिलांना हे सारे कायद्याबाहेरचे वाटत होते, पण मध्यस्थ बाई प्रत्येक सण लिहून घेत होत्या, आणि त्याबद्दल मी त्यांची कायम ऋणी राहीन.

नऊ वर्षांच्या मुलाशी न्यायाधीश स्वतः बोलणार, असे कळल्यावर माझ्या आईने त्याला काय बोलायचे ते शिकवायला सुरुवात केली, ती मी थांबवली. वकीलताईंनी बजावले होते की पढवलेले मूल दोन वाक्यांत ओळखू येते. पालक व पाल्य कायद्याच्या कलम 17 प्रमाणे मूल समजून मत देण्याइतके मोठे असेल तर त्याच्या पसंतीचा विचार करता येतो. पण ती पसंती त्याची असावी लागते. दालनात आम्हा दोघांनाही प्रवेश नव्हता. मुलगा आत गेला, दार लागले, आणि आम्ही दोघे व्हरांड्यातल्या एकाच बाकाच्या दोन टोकांना बसून राहिलो. बाहेर आल्यावर त्याने जे सांगितले, त्यात ‘मला कोणाकडे राहायचे’ याविषयी फार थोडे होते. साहेबांनी त्याला शाळा, मित्र, मामाचे घर, पप्पांचे शेत यांविषयी विचारले. त्याने त्यांना विचारले की, पोळ्याला बैलांची शिंगे तोच रंगवतो, तर त्या दिवशी सुरतेच्या शाळेला सुट्टी नसेल तर काय करायचे? साहेबांनी ते कागदावर लिहून घेतले, हे त्याने आम्हाला मोठ्या अभिमानाने सांगितले. त्याचे वडील उठून नळाकडे गेले आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिले.

पुढच्या तारखेला दोघांच्या सहीची पुरसीस, म्हणजे न्यायालयाला दिलेले लेखी निवेदन, दाखल झाली आणि तिच्या आधारे आदेश बदलला. मुलाला सुरतेला नेण्याची परवानगी मिळाली. महिन्यातला एक शनिवार-रविवार तो वडिलांकडे असतो. सोपवण्याची जागा म्हणून आधी नवापूर सुचवले गेले होते, कारण महाराष्ट्र-गुजरातची सीमा त्या स्थानकाच्या फलाटावरूनच जाते आणि दोघांनाही अर्धे अर्धे अंतर पडल्यासारखे होते. पण नंदुरबारला थांबणाऱ्या गाड्या अधिक आणि माझ्या आईचे घरही तिथेच, म्हणून गाडीला उशीर झाला तरी मुलगा उघड्यावर राहू नये यासाठी नंदुरबार कायम केले. नंदुरबारपर्यंतचे भाडे माझे, तिथून शहाद्याची ने-आण वडिलांची. पोळ्याचा दिवस आदेशात स्वतंत्र ओळीत आला. प्रगतिपुस्तकाची प्रत वडिलांना द्यायची, शाळेच्या दाखल्यांत दोघांची नावे व दूरध्वनी ठेवायचे, आजारपण लगेच कळवायचे, हेही आले.

फोनविषयीची अट मी आग्रहाने तपशिलात लिहून घेतली. 2020 मध्ये यशिता साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, ज्या पालकाकडे ताबा नाही त्याला मुलाशी रोज थोडा वेळ बोलता आले पाहिजे, आणि दूर राहणाऱ्यांसाठी व्हिडिओ कॉलचा उपयोग करावा. पण माझी रात्रपाळी असते तेव्हा माझा फोन रुग्णालयात असतो. म्हणून रोज रात्री आठ वाजता मामाच्या घरच्या फोनवर बोलणे होईल, असे स्पष्ट लिहिले. ‘सोयीच्या वेळी बोलतील’ असे मोघम वाक्य असते तर पहिल्याच महिन्यात भांडण झाले असते, याची मला खात्री आहे.

न्यायालयाच्या अधिकाराविषयीची मुलाच्या वडिलांची भीती मात्र सरळ एका वाक्यात मिटण्यासारखी नव्हती. पक्षकारांनी आपसांत ठरवून एखाद्या न्यायालयाला नसलेला अधिकार देता येत नाही, असे दोन्ही वकिलांनी समजावले. पण हुकूमनामा देणाऱ्या न्यायालयाला कलम 26 खाली अधिकार आहेच, तेव्हा या आदेशात पुढे बदल हवा असल्यास मी नंदुरबारलाच अर्ज करीन, असे हमीपत्र मी दिले. आदेशाची अंमलबजावणी करून घेण्याची वेळ आली तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 28-अ प्रमाणे तो दिवाणी हुकूमनाम्यासारखाच अमलात येतो, आणि गरज पडल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 39 खाली दुसऱ्या राज्यातल्या न्यायालयाकडे अंमलबजावणीसाठी पाठवता येतो. हे ऐकल्यावर त्यांनी सही केली.

आदेशाच्या जादा नकला मी त्याच दिवशी मागवल्या. एक सुरतेच्या शाळेत दिली, एक भावाकडे ठेवली, आणि एक प्रवासात माझ्या पर्समध्ये असते. शाळेने ती मुलाच्या फाइलला लावली, त्यामुळे वडील शाळेत चौकशीला आले तेव्हा त्यांना दारात अडवले गेले नाही. भेटींची वही मी अजून ठेवते, आणि आता तिच्यात गाडीचे नावही लिहिते. पहिल्या वर्षी पोळ्याला शाळेत चाचणी होती. मी आदेशाची ओळ दाखवून वर्गशिक्षिकांना विनंती केली आणि त्यांनी ती दोन दिवसांनी घेतली. दहावीच्या वर्षी महिन्याचे शनिवार-रविवार बहुधा जमणार नाहीत, तेव्हा दोघांनी मिळून आधीच अर्ज करायचा, असे आमचे फोनवर बोलणे झाले आहे, आणि तो अर्ज त्याच्या वडिलांच्या नावाने जाणार आहे.